साथ येण्याआधीची तयारी
(संस्थेच्या प्रबोधन मेळाव्यातील भाषण)



फ्लूची मोठी साथ कामाच्या ठिकाणी कशी शिरते, हे १९१८ साली मुंबईत दिसले. जून महिन्यात प्रथम काही पोलीस शिपाई आजारी पडले. त्यांतील एकाची नेमणूक गोदीवर होती. पाठोपाठ पोर्ट ट्रस्ट, बँक, तारखाते, टांकसाळ आणि कापडगिरणीतील कामगार तापाने फणफणले. सप्टेंबरनंतरची दुसरी लाट अधिक घातक ठरली आणि आगगाडीबरोबर ती देशभर पसरली. आपला चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांत त्याची गणना होते. देशात सव्वा कोटीहून अधिक माणसे दगावली, असे अभ्यासक मानतात.

शंभर वर्षांनी कोरोना आला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा मिरची तोडायला तेलंगणात गेलेले आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील मजूर तिकडेच अडकले. कित्येकजण जंगलवाटेने पायी परतले. रोजंदारीच्या माणसासाठी कोणतीच तयारी नव्हती.

मित्रांनो, तयारी म्हटली की आपल्याला साबण आणि मास्क आठवतात. ते हवेतच. पण खरा प्रश्न वेगळा आहे. आजारी कामगाराला घरी राहणे परवडते काय? तेंदूपत्त्याच्या हंगामात ७० पानांचा एक पुडा, आणि मजुरी पुड्यांवर. अंगात ताप असला तरी आपली आई-बहीण पहाटे जंगलात जाते. पुडा नाही तर पैसा नाही. मग पुडे घेऊन सारे गाव फळीवर एकत्र येते. फ्लूचा रोगी लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासून दुसऱ्याला लागण करू शकतो. अशा वेळी एकाची बुडणारी मजुरी वाचवायला जावे, तर साऱ्या गावाची मजुरी बुडते.

म्हणून प्रत्येक खाण, कारखाना, कचेरी आणि फळीवर चार गोष्टी आधीच ठरल्या पाहिजेत. पहिली, तापाच्या रजेचा पगार किंवा मजुरी कापली जाणार नाही. औषधाशिवाय ताप उतरून पूर्ण एक दिवस जाईपर्यंत कामावर येऊ नये. कंत्राटी कामगारालाही हाच नियम. दुसरी, जी कामे थांबूच शकत नाहीत त्यांची यादी करावी. भूमिगत खाणीतील पाणी उपसणारा पंप आणि हवेचा पंखा बंद पडून चालत नाही. अशा प्रत्येक कामासाठी दुसरा माणूस तयार असावा. तिसरी, पाळ्यांच्या वेळा अशा ठेवाव्यात की हजेरीला आणि उपाहारगृहात गर्दी होणार नाही. खिडक्या उघड्या, हात धुण्यास पाणी. चौथी, लस कोठे मिळते व दवाखान्यात कसे न्यायचे, हे फलकावर मराठीत आणि गोंडी-माडिया बांधवांना समजेल अशा बोलीत सांगावे.

आजारपणाची भरपाई ही मालकाची मेहेरबानी नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना १९४३ मध्ये कामगारांच्या आरोग्यविम्यासाठी आदारकरांची नेमणूक झाली. त्यातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. तेंदूपत्ता तोडणारी बाई मात्र आजही त्या छत्राबाहेर आहे.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या वस्तीत कोण कोठे कामाला जातो, आजारी पडल्यास त्याच्या घरी कोण धान्य पोहोचवील, याची वही तुम्ही आजच करा. तापाच्या दिवशी ती करायला वेळ मिळणार नाही.

जयभीम!