वर्णनात्मक परीक्षेतील प्रश्नांचे वाचन



महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा मुख्य परीक्षेला २०१२ पासून बहुपर्यायी स्वरूप आले होते. ते बदलून केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या धर्तीवर ही परीक्षा वर्णनात्मक करण्याचा निर्णय २०२२ मध्ये झाला. तयारीस पुरेसा अवधी मिळावा, या मागणीसाठी फेब्रुवारी २०२३ मध्ये पुण्यात विद्यार्थ्यांनी आंदोलन केले आणि आयोगाने नव्या पद्धतीचा अंमल २०२५ च्या परीक्षेपासून करण्याचे ठरविले. चार पर्यायांपैकी एकाचे वर्तुळ काळे करण्यात ज्यांची उमेदीची वर्षे गेली, त्यांच्यापुढे आता कोरे पान आले आहे. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील शेतकरी कुटुंबांनी उसाच्या बिलातून पैसे बाजूला काढून मुलामुलींना या अभ्यासासाठी पुण्यास ठेवावे, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. त्यामुळे या बदलाची झळ घराघरांपर्यंत पोहोचते.

वर्णनात्मक उत्तराचे गुण पुष्कळदा लेखणी उचलण्यापूर्वीच निसटतात. प्रश्नात ओळखीचा विषय दिसला की परीक्षार्थीला हायसे वाटते आणि त्या विषयाचे जे जे पाठ असेल ते तो कागदावर उतरवीत जातो. उत्तर माहितीपूर्ण असते, अक्षर वळणदार असते. फक्त विचारलेले राहून जाते.

घरचेच उदाहरण घ्यावे. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. धरणाची भिंत सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात. परंतु जलाशयाचा मोठा फुगवटा इंदापूर तालुक्यात पसरला. जुने पळसदेव गाव पाण्याखाली गेले. पाणी फार खाली गेले की तेथील प्राचीन मंदिर उघडे पडते. ‘उजनी जलाशयाच्या परिसराचे वर्णन करा’ असे म्हटले असता हा फुगवटा, भिगवणची मासेमारी, हिवाळ्यात येणारे रोहित पक्षी, काठचा ऊस हे सारे यथोचित होय. ‘उजनी धरणाच्या इंदापूर तालुक्यावरील परिणामांचे मूल्यमापन करा’ म्हटल्यावर मात्र याच माहितीला तराजूत घालावे लागते. कोणाची जमीन गेली, उपसा सिंचनाचे पाणी कोणाच्या शेतात पोहोचले, मासेमारीतून कोणाची चूल पेटली, हे समोरासमोर मांडून शेवटी झुकते माप कोणीकडे, ते सांगावे लागते. निर्णय न देता थांबलेले मूल्यमापन अपुरे राहते. आणि प्रश्नात ‘विस्थापितांच्या दृष्टीने’ एवढे दोन शब्द अधिक असतील, तर रोहित पक्ष्यांना उत्तरात जागा उरत नाही.

‘चर्चा करा’ म्हटले की विषयाच्या एकाहून अधिक बाजू हव्यात. ‘विशद करा’ यात गुंतागुंतीची गोष्ट उलगडून सांगणे अभिप्रेत असते. ‘टीकात्मक परीक्षण करा’ या शब्दप्रयोगाने तर अनेकांची फसगत होते. टीका म्हणजे दोष काढणे, असा व्यवहारातला अर्थ मनात धरून परीक्षार्थी योजनेवर तुटून पडतो. वस्तुतः येथे गुण आणि दोष दोन्ही पुराव्यानिशी पारखावयाचे असतात.

मराठी प्रश्नात याहून लहान, पण अधिक वजनदार अक्षरे असतात. ‘बारामती तालुक्याच्या समृद्धीस नीरा डावा कालवाच कारणीभूत आहे, हे विधान तपासा.’ या वाक्यातील सारा वाद त्या ‘च’मध्ये आहे. कालवा एकोणिसाव्या शतकात आला आणि उसाची शेती त्यामागून वाढली, हे निर्विवाद. तथापि माळेगाव, सोमेश्वर यांसारखे सहकारी साखर कारखाने, शिक्षणसंस्था आणि कृषी विज्ञान केंद्र यांचा वाटा किती, हे ‘च’मुळे तपासणे भाग पडते. त्याच कालव्याच्या अतिरिक्त पाण्याने जमिनी खारवट झाल्या, त्यांचा अभ्यास हॅरॉल्ड मान आणि तम्हाणे यांनी केला व तो १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. सुपे-मोरगावचा जिरायती पट्टा तर कालव्याच्या लाभापासून दूरच राहिला. ‘कालवाही कारणीभूत आहे’ असे विधान असते तर उत्तराची दिशा वेगळी झाली असती. ‘कितपत’, ‘केवळ’, ‘मुख्यत्वे’, ‘स्वातंत्र्योत्तर काळात’ हे शब्दही असेच कुंपण घालतात.

शासकीय कार्यालयांत काम करणाऱ्यांना ही शिस्त नवी नाही. विधिमंडळाचा तारांकित प्रश्न ‘हे खरे आहे काय’ येथे सुरू होतो, ‘असल्यास’ने पुढे सरकतो आणि ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’ येथे थांबतो. प्रत्येक उपप्रश्नासमोर त्याचेच उत्तर लिहावे लागते. तिसऱ्याचे उत्तर दुसऱ्यासमोर लिहून भागत नाही. (कार्यालयीन टपालातही हे कटाक्षाने पाळले गेले, तर कितीतरी स्मरणपत्रे वाचतील!) परीक्षेतील ‘कारणे सांगून उपाय सुचवा’ हा प्रश्न असाच दुहेरी असतो. पहिल्या अर्ध्यातच पान भरले की उपायांना दोन ओळी उरतात.

वाचनात वेळ जातो, ही विद्यार्थ्यांची तक्रार अगदीच निराधार नाही. केंद्रीय आयोगाच्या सामान्य अध्ययनाच्या प्रश्नपत्रिकेत तीन तासांत वीस प्रश्न सोडवावे लागतात. म्हणजे एका प्रश्नास नऊ मिनिटे. दहा गुणांच्या उत्तराला दीडशे शब्दांची मर्यादा. या नऊ मिनिटांतील एक मिनिट क्रियापदाखाली रेघ ओढण्यात, उपप्रश्न मोजण्यात आणि कुंपणाचे शब्द हेरण्यात गेले, तरी आठ उरतात. दीडशे शब्दांत विषयांतराला जागाच नसल्याने हे मिनिट वाया जात नाही.

ही सवय आयोगाच्या परीक्षेपर्यंत थांबवून ठेवण्याचे कारण नाही. माध्यमिक शाळेतील शिक्षकांना आठवड्यातून एक तासिका यासाठी देता येईल. फळ्यावर पाच प्रश्न लिहावेत आणि उत्तरे मुळीच मागू नयेत. प्रश्नात काय मागितले आहे आणि काय मागितलेले नाही, एवढेच विद्यार्थ्यांनी एकेका ओळीत लिहावे. प्रश्न गावचेच असावेत: ‘गावातील नळपाणी योजनेची सद्यःस्थिती सांगा’ आणि ‘उन्हाळ्यात ही योजना अपुरी का पडते, ते स्पष्ट करा’. दोन्हींखाली एकच ओळ आली, तर त्या वहीला पुन्हा परत पाठवावे.