शुश्रूषा आणि स्वागत : श्रावकाच्या घरातील जीवदया

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा सारांश)



जीवदया हा जैन गृहस्थाचा कुलाचार होय. पांजरापोळेस दान देणे, उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी पाणी ठेवणे हे संस्कार घरोघरी आहेत. परंतु दया एकाच वेळी दोन जीवांकडे वळते, तेव्हा तिची खरी कसोटी लागते. घरातील कुत्री शस्त्रक्रियेनंतर सावरत असावी आणि त्याच आठवड्यात पावसात भिजलेले एखादे अनाथ पिल्लू दाराशी यावे, असा प्रसंग अनेक कुटुंबांवर येतो. पिल्लाला हाकलणे मनास पटत नाही आणि आत घ्यावे तर आजारी जीवास पीडा होण्याचे भय वाटते. अशा वेळी श्रावकाने काय करावे?

श्वानरक्षणाशी जैन समाजाचे नाते जुने आहे. १८३२ साली मुंबईत भटक्या कुत्र्यांना मारण्याच्या सरकारी हुकुमाविरुद्ध पारशी बांधवांनी आवाज उठविला व इतर समाजही त्यांना येऊन मिळाले. पुढे १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई आणि जैन श्रेष्ठी मोतीशहा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ स्थापन झाली. केवळ जीव वाचवून भागत नाही, वाचविलेल्या जीवाची नित्य व्यवस्थाही लावावी लागते, हे त्या पूर्वजांनी ओळखले होते.

ही व्यवस्था कशी असावी, याचे दिग्दर्शन तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सापडते. तेथे अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. प्रस्तुत प्रसंगी त्यांपैकी चार विशेष विचारार्ह आहेत.

प्रथम बंध. शस्त्रक्रियेनंतरचे टाके भरण्यास साधारणतः १० ते १४ दिवस लागतात. या काळात पळणे व उड्या मारणे वर्ज्य असते, तसेच जखम चाटता येऊ नये म्हणून गळ्यात शंकूच्या आकाराचा पट्टा घालावा लागतो. हे बंधन कषायातून आलेले नाही, हितबुद्धीतून आलेले आहे. मात्र पशुवैद्याने मोकळीक दिल्यावरही केवळ स्वतःच्या सोयीसाठी तिला बांधून ठेवले, तर तो अतिचार ठरतो.

दुसरा वध, म्हणजे मारहाण. पिल्लू जवळ येताच दुखणारी कुत्री गुरगुरते. घरातील मंडळी तिला ‘मत्सरी’ ठरवून चापट मारतात. वस्तुतः गुरगुरणे ही वेदनेची पूर्वसूचना असते. त्या वेळी पिल्लास दूर नेणे एवढेच कर्तव्य उरते.

तिसरा अतिभार. भार केवळ बैलाच्या पाठीवरच असतो असे नाही. अशक्त जीवावर अवखळ पिल्लाच्या सहवासाची सक्ती करणे, हाही भारच होय. चौथा अन्नपाननिरोध. चपळ पिल्लू दोन्ही भांडी रिकामी करते आणि आजारी कुत्री उपाशी राहते. कोणी तिचे अन्न हिरावलेले नसते, तरी निष्काळजीपणाने निरोध घडतोच. म्हणून दोघांची भांडी, अंथरुणे व जेवणाची जागा वेगळी असावी.

पिल्लाला प्रथम पशुवैद्यास दाखवावे. पार्व्होसारख्या रोगाचे विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून जंतनाशक देऊन व लसीकरण सुरू करून, पशुवैद्य सांगेल तितके दिवस त्यास वेगळ्या खोलीत ठेवावे. सेवा करताना आधी आजारी कुत्रीकडे व मग पिल्लाकडे जावे आणि मधे हात धुवावेत. दोघांची भेट घडवावी ती कुत्री पूर्ण बरी झाल्यावरच. ही भेट मोकळ्या जागेत, दोघांच्या गळ्यात दोरी ठेवून, प्रारंभी थोडाच वेळ व्हावी. प्रेमापोटी मनुके वा चॉकलेट मुळीच देऊ नये, कारण हे पदार्थ श्वानांस विषवत् असतात. माणसांची वेदनाशामक औषधेही परस्पर देऊ नयेत.

घरात वेगळी खोलीच नसेल तर? तेव्हा पिल्लू काही दिवस शेजारच्या श्रावकाकडे अथवा संस्थेकडे सोपवावे. यात दयेची उणीव नाही. सामर्थ्याबाहेर जीव स्वीकारून दोघांनाही कष्टवणे, हा प्रमाद होय, आणि प्रमादातच हिंसेचे मूळ आहे, असे शास्त्र सांगते. जेथे एका घराचे बळ अपुरे पडते, तेथे समाजाने पुढे यावे. विश्वस्त संस्थांचे प्रयोजन याहून वेगळे ते काय?

जीवंधरकुमारांनी मरणासन्न श्वानास णमोकार मंत्र ऐकविला व तो जीव यक्षदेव झाला, ही कथा सर्वश्रुत आहे. राजकुमार त्या धुळीत पडलेल्या जीवाजवळ थांबले, हा तिचा पहिला बोध होय. आजारी जीवाजवळ थांबण्याचे हे व्रत सुवर्णमहोत्सवी वर्षात घराघरात दृढ होवो.

जय जिनेंद्र!