सेवेतील सुट्टीचा दिवस

(सुवर्णमहोत्सवी समारंभात बदलापूर गाव येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण होतात तेव्हा मागचा हिशेब मांडला जातो, तसाच पुढच्या पिढीचाही विचार करावा लागतो. आज समाजातील अनेक मुले-मुली उच्च शिक्षणासाठी परदेशी जातात आणि विद्यार्थ्यांच्या पथकांतून दूरदेशी सेवाकार्यही करतात. अशा पथकाला मधूनच एखादा दिवस सुट्टी मिळते. त्या दिवशी मुले गाव पाहतात, बाजार हिंडतात, डोंगर चढतात. त्यांची छायाचित्रे घरी आली की ज्येष्ठांच्या मनात प्रश्न येतो : ही मुले सेवेला गेली आहेत की सहलीला? प्रश्न रास्त आहे. दात्यांचा पैसा ज्या कार्याला लागतो, तेथे तो विचारलाच पाहिजे.

उत्तरासाठी प्रथम शास्त्राकडे वळू. तत्त्वार्थसूत्रात आचार्य उमास्वातींनी सहा आभ्यंतर तपे सांगितली आहेत : प्रायश्चित्त, विनय, वैयावृत्त्य, स्वाध्याय, व्युत्सर्ग आणि ध्यान. यांतील वैयावृत्त्य म्हणजे सेवाशुश्रूषा. तिच्या आधी विनय आहे आणि तिच्या पाठोपाठ स्वाध्याय. हा क्रम मननीय आहे. सेवा करणाऱ्याने नम्र असावे आणि सेवेबरोबर शिकतही राहावे, असा बोध त्यातून घेता येतो. सुट्टीचा दिवस या स्वाध्यायासाठी वापरला तर तो सेवेचेच अंग ठरतो. केवळ करमणुकीत गेला तर सहल ठरतो.

याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्राच्याच भूमीतले आहे. सोलापूर या गिरण्यांच्या शहरात १० ऑक्टोबर १९१० रोजी जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस मुंबईच्या शेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाले. पुढील परीक्षेची तयारी चालू असतानाच, जपानी आक्रमणाने होरपळलेल्या चीनसाठी राष्ट्रीय काँग्रेसने पाठविलेल्या वैद्यकीय पथकात ते दाखल झाले. सप्टेंबर १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे हे पथक मुंबईहून बोटीने निघाले. डॉ. अटल त्याचे प्रमुख होते आणि नागपूरचे डॉ. चोळकरही त्यात होते.

पथक चुंगकिंगला पोहोचले आणि येनानकडे जाण्याच्या प्रतीक्षेत तेथे त्याला थांबावे लागले. शांतिनिकेतनात चिनी विद्येचे अध्यापन करणारे प्रा. तान युन-शान त्यांना तेथेच भेटले. त्यांनी डॉक्टरांना चिनी नावे दिली आणि प्रत्येक नावाच्या शेवटी चीन या अर्थाचे ‘हुआ’ हे अक्षर जोडले. कोटणीस ‘के दिहुआ’ झाले. याच मुक्कामात त्यांना वडिलांच्या निधनाची वार्ता कळली. तरीही ते माघारी फिरले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले.

पुढे कोटणीसांनी चिनी भाषा इतकी आत्मसात केली की तिच्यातून ते वैद्यकाचे अध्यापन करू लागले. अशी भाषा केवळ शस्त्रक्रियेच्या मेजाजवळ येत नाही. ती जेवणाच्या पंगतीत, अंगणात, वाटचालीत आणि कामाबाहेरच्या मोकळ्या वेळी माणसांत मिसळूनच येते. १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. त्याच वर्षी कुओ चिंगलान या परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला. पुत्राचे नाव ठेवले ‘यिनहुआ’, म्हणजे भारत आणि चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. पाचांपैकी तेच एक परतले नाहीत. औषधे इतर देशांतूनही आली असती. परंतु त्या देशाने त्यांना आपले मानले, ते त्यांनी त्या देशाला जाणून घेतले म्हणून.

हा विचार आपल्या परिसरालाही लावून पाहावा. समजा, परदेशातील एखादे विद्यार्थी-पथक उल्हासनगरात सेवेसाठी आले. तेथील वस्त्यांना ‘कॅम्प नंबर एक, दोन, तीन’ का म्हणतात, हे त्याने फिरून विचारले नाही तर त्याला काय कळणार? दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे राहिली. १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. सर्वस्व गमावलेल्या त्या माणसांनी तेथे कापडाची मोठी बाजारपेठ उभी केली. हे ज्याला समजले, तो तेथील माणसाकडे दयेने नव्हे, आदराने पाहील. अंबरनाथचे शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चे शिवमंदिर पाहणाऱ्याला या भूमीची प्राचीनता कळते. उल्हास नदीचा काठ चालून पाहणाऱ्याला २६ जुलै २००५ च्या पुराचे गांभीर्य उमगते. आधी विनय आणि मग सेवा, तो हा असा.

मात्र या मोकळीकीला मर्यादा हवी. जैन संस्थांच्या वह्यांत देवद्रव्य, ज्ञानद्रव्य आणि साधारण द्रव्य यांची खाती वेगळी असतात. देवद्रव्याचा पैसा साधारण खर्चाला वापरला जात नाही. तीच शिस्त येथे लागू करावी. सुट्टीच्या दिवसाचा खर्च ज्याचा त्याने करावा, सेवानिधीला त्याचा स्पर्श होऊ नये. ज्यांची सेवा करायची त्यांच्या दैन्याची छायाचित्रे काढून ती प्रदर्शनाची वस्तू करू नये. तसेच त्या दिवशी कोणाला भेटलो, काय शिकलो, हे रात्री वहीत लिहावे आणि परतल्यावर ते समाजापुढे मांडावे.

ज्येष्ठांनी एवढेच करावे : मुलगा किंवा मुलगी परत आल्यावर ‘काय काय पाहिलेस?’ असे विचारून थांबू नये. ‘तेथील कोणाचे नाव तुझ्या लक्षात राहिले?’ असे विचारावे. उत्तरात एखाद्या आजीचे, शेतकऱ्याचे, लहान मुलाचे नाव आले, तर तो सुट्टीचा दिवस सेवेच्या खाती जमा धरावा.

संस्थेच्या पुढील पन्नास वर्षांत असे अनेक दिवस जमा होवोत, ही मंगल कामना. जय जिनेंद्र!