पाण्यातल्या पाहुण्याचे जेवण



गाय काय खाते, कोंबडीला काय टाकावे, हे खेड्यातल्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. मांजराचे तर विचारूच नका. ते मागून घेते, नाहीतर चोरून घेते. पण ज्याला आपल्या भाषेत अजून नावही नाही असा प्राणी घरात आला, म्हणजे काय करायचे? आमच्या बोरीवलीत अलीकडे असा एक पाहुणा घरोघरच्या काचपेटीत दिसू लागला आहे. त्याचे नाव ॲक्सोलॉटल.

हा मूळचा मेक्सिकोचा. बेडकाच्या दूरच्या नात्यातला, सॅलॅमँडर कुळातला. आपल्या देशात या कुळातले प्राणी फक्त पूर्व हिमालयाच्या बाजूला आढळतात. महाराष्ट्रात एकही नाही. बेडकाचे पिल्लू पाण्यात वाढते आणि मोठे झाले की कल्ले टाकून जमिनीवर येते. हा मात्र वयात आला तरी कल्ले टाकत नाही, जन्मभर पाण्यातच राहतो. लांबी वीतभर, डोक्याच्या दोन्ही अंगांना पिसांसारखे तीन तीन कल्ले, आणि तोंड असे, की हा सदा हसतो आहे असे वाटावे. २०२१ साली माइनक्राफ्ट नावाच्या संगणकावरच्या खेळात तो आला, आणि मग मुलांचा हट्ट सुरू झाला.

मी प्राणिशास्त्राचा माणूस नव्हे. महाविद्यालयात मराठी शिकवतो. परंतु आमच्या इमारतीतल्या सातवीतल्या एका मुलाने हा प्राणी आणला, आणि आठ दिवसांत त्याची आई आमच्या दारात उभी. “सर, तो काही खातच नाही हो! चपाती टाकली, सुका जवळा टाकला, काल चिकनचा तुकडासुद्धा टाकला.” माउलीची माया खरी. पण ही माया आपल्या ताटातली होती, त्या प्राण्याच्या तोंडाची नव्हती.

म्हणून आधी त्याचे तोंड पाहू. ॲक्सोलॉटलला चावता येत नाही. दात आहेत, पण बारीक, पकडण्यापुरते. भक्ष्य जवळ आले की तो एकदम जबडा उघडतो, पाणी आत ओढले जाते आणि पाण्याबरोबर घासही. मग सगळे अख्खे गिळायचे. यावरून खाण्याचे निम्मे नियम आपोआप निघतात. घास मऊ हवा. त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा रुंद नको. आणि पेटीच्या तळाशी शोभेचे बारीक खडे नकोत, कारण घासाबरोबर खडाही आत जातो आणि आतडे अडते. दुकानदार पेटीबरोबर रंगीत खडे हौसेने देतो. ते कुंडीत घालावेत.

सुका जवळा टोकदार आणि खारट. हा प्राणी गोड्या पाण्यातला. चपातीचा तर प्रश्नच नाही, तो पूर्ण मांसाहारी आहे. कोंबडीचे वा बकऱ्याचे मांस त्याला नीट पचत नाही, त्यातली चरबी तर नाहीच नाही.

मग द्यायचे काय? उत्तर आपल्या पायाखाली आहे. गांडूळ! कोणी त्याला काडू म्हणतात, कोणी शिदोड, कोणी दानवे. मऊ, लांबट, हाड नाही, कवच नाही. त्याच्या कोरड्या वजनातला निम्म्याहून अधिक भाग प्रथिनांचा असतो. मोठ्या ॲक्सोलॉटलच्या आहाराचा पाया गांडूळच असावा, असे हे प्राणी पाळणारे जाणकार सांगतात.

पण गांडूळ आणि गांडूळ यांत फरक आहे, आणि इथे माझ्या शेतकरी श्रोत्यांनी कान द्यावा. आपल्याकडे गांडूळखतासाठी दोन जाती फार वापरतात. एक आयसेनिया फेटिडा. ही लालसर, अंगावर फिकट पट्टे असलेली. दुसरी युड्रिलस युजेनी. ही आकाराने मोठी, करड्या-जांभळ्या रंगाची. लाल जात डिवचली की अंगातून उग्र वासाचा पिवळसर द्रव सोडते, आणि पुष्कळ ॲक्सोलॉटल ती तोंडात घेऊन थुंकून टाकतात. आमच्या शेजाऱ्यांनी रोपवाटिकेतून आणली होती ती हीच. दोनदा थुंकल्यावर ‘याला गांडूळही आवडत नाही’ असा निकाल घरात लागला होता. सफाळ्याहून गाडीने येणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरी खताचा खड्डा आहे. त्याने एका डब्यात ओल्या मातीत घालून मोठी जात आणून दिली, आणि त्या संध्याकाळी पाहुण्याने पहिला घास गिळला. शहरातल्या काचपेटीतला जीव असा सफाळ्याच्या शेणावर पोसला गेला, याची मला मोठी गंमत वाटली.

गांडूळ कुठूनही उचलू नये. फवारणी झालेल्या शेतातले नको, गटाराकाठचे नको. आमच्याकडे जवळच संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. पावसाळ्यात तिथल्या वाटांवर गांडुळे दिसतात म्हणून मुले डबा घेऊन निघतात. तिथून काडीदेखील उचलू नये, कायद्याची मनाई आहे. आणलेली गांडुळे दिवसभर स्वच्छ ओलाव्यात ठेवावीत, धुवावीत आणि लांब असल्यास तुकडे करून द्यावीत.

आता कोणी म्हणेल, मग रोज गांडूळच द्यावे. तसे नको. पाया तो, पण आलटून पालटून दुसरेही हवे. ब्लडवर्म म्हणून एका माशीसारख्या कीटकाच्या लाल अळ्या गोठवलेल्या मिळतात, त्या चालतात. मीठ न लावलेल्या, सोललेल्या कोळंबीचा लहान तुकडा अधूनमधून चालतो. तळाशी बुडणाऱ्या मांसाहारी माशांच्या गोळ्याही चालतात. जिवंत गप्पी वा गोल्डफिश मात्र सोडू नयेत. असे मासे रोग आणतात, कल्ले कुरतडतात. शिवाय गोल्डफिशच्या अंगातले एक द्रव्य ‘ब-१’ जीवनसत्त्वाचा नाश करते. गटारातून काढलेले ट्युबिफेक्स स्वस्त मिळते, तेही नको. बेडकांची पिल्ले पकडून घालणे तर दोन्हीकडून वाईट.

अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लांची तऱ्हा वेगळी. ती जेमतेम सेंटिमीटरभर असतात आणि हलणारा घासच ओळखतात. त्यांना आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्म जिवाची ताजी पिल्ले किंवा डॅफ्निया द्यावे लागतात. उपाशी ठेवली तर ती एकमेकांचे पाय तोडतात. पाय पुन्हा उगवतो, ही या प्राण्याची ख्याती. पण म्हणून उपाशी ठेवायचे काय?

खाण्याचा परिणाम किती दूर जातो, याचे एक नवल सांगतो. १९२० साली ज्युलियन हक्स्ली या इंग्रज शास्त्रज्ञाने ॲक्सोलॉटलना गुरांची थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली. जन्मभर पाण्यात राहणाऱ्या त्या प्राण्यांचे कल्ले झडले, आणि ते जमिनीवर चालू लागले. शाळेतल्या गुरुजनांनी हे मुलांना जरूर सांगावे, घरी करून मात्र पाहू देऊ नये.

इतके जपायचे कारणही आहे. मेक्सिको शहराजवळचे सोचीमिल्कोचे कालवे हे याचे घर. तिथे १९९८ च्या मोजणीत चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० ॲक्सोलॉटल होते; २०१४ मध्ये अवघे ३६ उरले. १८६४ साली ३४ प्राणी पॅरिसला पोहोचले होते. आज जगभरच्या प्रयोगशाळांत आणि घरांत जे आहेत, त्यांतल्या बऱ्याचशांचा वंश त्या तुकडीपर्यंत जातो. म्हणजे दीडशे वर्षांहून अधिक काळ हा जीव माणसाच्या हातचे खात आला आहे. आपल्याकडेही २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो वन्यजीव कायद्याच्या अनुसूचीत आला आहे. तेव्हा पाळणाऱ्याने नोंदणी करावी, पावती जपून ठेवावी. आणि कंटाळा आला म्हणून विहिरीत वा तळ्यात सोडू नये.

पूर्ण वाढलेल्याला आठवड्यातून दोन-तीनदा एखाद-दुसरे गांडूळ पुरे. वाढत्या पिल्लाला रोज. पोट डोक्याइतके रुंद दिसले की भागले असे समजावे. संध्याकाळी, मंद उजेडात, बोथट चिमट्याने घास तोंडासमोर हलवावा. उरलेले अर्ध्या तासात काढावे, नाहीतर ते कुजून पाणी विषारी होते.

आणि घास नाकारला तर अन्न बदलण्याआधी पाण्यात तापमापक घालून पाहावा. याला सोळा ते अठरा अंशांचे पाणी मानवते. चोवीसच्या वर गेले की भूक मरते, अंगावर रोग चढतो. आमच्या बोरीवलीत एप्रिल-मेमध्ये घरातले पाणी सहज तिशीला पोहोचते. पाणी गार ठेवणारे यंत्र बरेच महाग पडते, आणि वीज गेली की तेही थांबते. ते घेण्याची ऐपत नसेल, तर मुलाला तसे आधीच सांगावे आणि प्राणी दुकानातच राहू द्यावा. आमच्या शेजाऱ्यांनी यंत्र बसवले आहे. गांडुळांचा डबा अजून दर पंधरवड्याला सफाळ्याहून येतो.