तारेला दिशा असते काय?



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. परंतु ध्वनियंत्रांच्या दुकानात मिळणाऱ्या पुष्कळ तारांवर बाण छापलेला असतो; आणि तार उलटी जोडली की गाण्यातला गोडवा जातो, असे सांगणारे लोक काही अडाणी नव्हेत. माझे एक जुने स्नेही त्यांतलेच. सुरांची त्यांची जाण माझ्याहून कितीतरी अधिक आहे, हे आधीच कबूल करतो.

आता तारेतून जाते काय, ते पाहू. नळातल्या पाण्याप्रमाणे तिच्यात एकाच बाजूला प्रवाह वाहत नसतो. सेकंदाला ४४० आंदोलनांचा सूर असला, तर वीज त्याच सेकंदात ८८० वेळा दिशा बदलते. म्हणजे बाण कसाही ठेवा, निम्मा वेळ वीज उलटीच जाणार! तांब्याची तार साच्याच्या छिद्रातून ओढून काढतात, तिचे कण ओढीने लांबट होतात, हे खरे. परंतु लांबट कणाला लांबी असते, तोंड नसते. वीज एकीकडून सहज जावी आणि दुसरीकडून अडावी, असे तांब्यात घडत नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. काही तारांवर जाळीचे वेष्टन असते आणि ते एकाच टोकाला जोडलेले असते. अशी तार उलटी केली तर घरघर कमीजास्त होऊ शकते. तेथे बाणाला अर्थ आहे. पण तो जोडणीचा, तांब्याचा नव्हे. स्नेह्यांच्या तारेत जाळी दोन्ही टोकांना जोडलेली होती.

मग ते खोटे बोलत होते काय? मुळीच नाही. १९०३ साली फ्रान्समध्ये नान्सीच्या ब्लाँदलो या नामांकित शास्त्रज्ञाला 'एन्' नावाचे नवे किरण दिसू लागले. पुढल्या वर्षी अमेरिकन शास्त्रज्ञ वुड तेथे गेला आणि अंधारात त्याने उपकरणातला लोलक गुपचूप काढून घेतला. तरी ब्लाँदलोला किरण दिसतच राहिले! तो लबाड नव्हता. काय दिसायचे ते त्याला आधी ठाऊक होते, इतकेच.

आम्हीही तसेच केले. पडद्यामागे एक मुलगा नाणे उडवून तार सुलटी वा उलटी लावी आणि बाहेर निघून जाई. मग आम्ही खोलीत येऊन ऐकत असू. नुसत्या अंदाजाने दहाही उत्तरे बरोबर येण्याचा संभव १०२४ त एक. स्नेह्यांची सहा बरोबर आली.

ते बराच वेळ गप्प होते. त्यांचा कान खोटा ठरला असे मला वाटले नाही, पण त्यांना तसे वाटले, आणि त्याचे मला वाईट वाटले. शेवटी उठता उठता ते मुलाला म्हणाले, "बाळ, तार लाव पूर्ववत्. बाण मात्र ॲम्प्लिफायरकडे ठेव हं."