कंबर दुखते, मानही दाखवा



पुंडलिकनगरमध्ये कुणाही वयस्क बाईला विचारा, कंबर दुखते का? नाही म्हणणारी क्वचितच भेटेल. मालिश, पट्टा, गोळ्या यांत महिने जातात. बहुतेकदा दुखणं साधंच असतं. पण जे आडवं पडल्यावरही थांबत नाही, रात्री झोपेतून उठवतं, त्याचा एक्स-रे, एमआरआय लांबवू नका.

मणका पोखरलेला दिसला की आपल्याकडे आधी टीबीची शंका येते, आणि ती रास्त आहे. तरी अंदाजाने औषधं सुरू करण्याआधी हाडाचा तुकडा काढून तपासायला हवा. कधी कधी त्या तुकड्यात चक्क थायरॉइडच्या पेशी सापडतात! मानेतल्या गाठीतून रक्तावाटे त्या तिथे पोचलेल्या असतात. थायरॉइडच्या फॉलिक्युलर प्रकारच्या कॅन्सरची ही खोडच आहे.

मग मान बघायची. पेशंटला पाण्याचा घोट घ्यायला सांगायचं. गिळताना गाठ वर सरकली, तर ती बहुधा थायरॉइडची. "ही तर कित्येक वर्षांची आहे, थायरॉइडचा रिपोर्टही नॉर्मल आलाय," घरचे सांगतात. इथेच घात होतो. रक्ततपासणीत टीएसएच नॉर्मल असूनही कॅन्सर असू शकतो. सुईने पेशी काढून तपासल्या, तरी फॉलिक्युलर गाठ साधी की कॅन्सरची, हे ठरत नाही. तिने आपलं आवरण फोडलंय का, हे गाठ काढून तपासल्यावरच कळतं.

"हाडात गेलाय" म्हटलं की नातेवाईक हात टेकतात. कळवळून सांगतो, तसं करू नका. न्यूयॉर्कच्या डॉ. सॅम्युअल सीडलिन यांनी 1943 साली एका रुग्णाला किरणोत्सारी आयोडीन दिलं. त्याची थायरॉइड आधीच काढलेली होती, पण हाडांतल्या गाठी आयोडीन ओढून घेत होत्या! हाडात गेल्यावरही या पेशींची आयोडीनची भूक बऱ्याचदा टिकते, त्यावरच हा उपचार उभा आहे. आधी ऑपरेशनने थायरॉइड काढावी लागते, नाहीतर दिलेलं आयोडीन तीच पिऊन टाकते. परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर 1963 पासून या कामात आहे. प्रत्येकाची गाठ आयोडीन घेतेच असं नाही, आणि हाडातला आजार समूळ जाणं अवघड. तरीही उपचार घेऊन वर्षानुवर्षं जगणारी माणसं आहेत.

आपल्या शहरात शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. तिथे जाताना जुने रिपोर्ट आणि तपासणीच्या काचा सोबत न्या. मात्र पायातलं बळ गेलं किंवा लघवी अडली, तर उद्यावर टाकू नका. त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा.