वजन, हृदय आणि जठराचं ऑपरेशन



आमच्या ओळखीची एक ताई बचत गटाच्या बैठकीला येईनाशी झाली. घरी जाऊन विचारलं, तर म्हणाली, "चढावर धाप लागते. खाली बसले की उठायला दोघींचा हात लागतो. लाज वाटते गं." उंची पाच फूट, वजन ९२ किलो. बीपी आणि साखर, दोन्ही वाढलेली. घरचे एकच सांगतात, "कमी खा, काम कर." एक भाकरी कमी केली, रात्रीचा भात सोडला, तरी वजन हलेना.

मैत्रिणींनो, हा आळस नाही. इतका लठ्ठपणा हा आजार आहे. वजन उतरू लागलं की शरीरच भूक वाढवतं आणि खर्च कमी करतं. म्हणून उतरलेलं वजन पुन्हा चढतं.

याचा हृदयाशी काय संबंध? वाढलेल्या शरीराला रक्त पुरवताना हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. रक्तदाब वाढतो, साखर वाढते, रक्तवाहिन्यांत चरबीचा थर साचतो. पुढे हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊ शकतो.

अशा काही जणींना डॉक्टर वजन कमी करण्याचं ऑपरेशन सुचवतात. यात अंगावरची चरबी कापत नाहीत. दुर्बिणीतून जठराचा मोठा भाग काढून अरुंद नळी ठेवतात, किंवा जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. थोडं खाल्लं की पोट भरतं आणि भूकही कमी लागते.

त्याने हृदय वाचतं का? स्वीडनमध्ये १९८७ पासून याचा मोठा अभ्यास झाला. ऑपरेशन केलेले २,०१० जण आणि न केलेले २,०३७ जण. सुमारे १५ वर्षांत हृदयविकार आणि पक्षाघाताने पहिल्या गटात २८ जण दगावले, दुसऱ्यात ४९. म्हणजे धोका बराच कमी झाला, पण संपला नाही.

हे ऑपरेशन बारीक दिसण्यासाठी नाही. आहार, चालणं, औषधं करूनही उपयोग झाला नाही, तरच त्याचा विचार करायचा. आपल्याकडच्या मापानं पाच फूट उंचीच्या बाईचं वजन साधारण ८७ किलोच्या वर असेल, किंवा मधुमेह, बीपी असताना ७६ च्या वर असेल, तर डॉक्टरांना विचारावं.

धोकेही ऐका. रक्तस्राव होऊ शकतो, टाका गळू शकतो, रक्ताची गुठळी होऊ शकते. नंतर लोह, कॅल्शियम, बी-१२ च्या गोळ्या आणि रक्ततपासणी जन्मभर. आपल्यात आधीच रक्त कमी असणाऱ्या कितीतरी जणी आहेत, त्यांनी हे विसरूच नये. वर्ष-दीड वर्ष दिवस जाऊ देऊ नयेत. बीपी-साखरेच्या गोळ्या आपल्या मनानं बंद करू नयेत.

होकार देण्याआधी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. अशी किती ऑपरेशनं तुम्ही करता? पुढच्या गोळ्या-तपासण्या धरून एकूण खर्च किती? गावी गेल्यावर उलट्या झाल्या किंवा पोट दुखलं, तर कोणाला फोन करू?

ऑपरेशन फार थोड्या जणींना लागेल. मोजून घ्यायचं मात्र सगळ्यांनी. कमर ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर सावध व्हा. तिशी ओलांडली असेल तर आयुष्मान आरोग्य मंदिरात बीपी आणि साखर तपासा, आशाताई सोबत येतील. आणि छाती आवळली, जबडा किंवा पाठ दुखू लागली, दम लागून गार घाम फुटला, तर "गॅस झाला असेल" म्हणून बसू नका. लगेच १०८ ला फोन लावा.

त्या ताईचं काय? आता तिच्या गटाची बैठक तिच्याच अंगणात होते. पुढच्या आठवड्यात दोघी जणी तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेणार आहेत. ऑपरेशन करायचं की नाही, ते ती ठरवेल, पण नीट माहिती घेऊन. तुमच्याही गटात अशी एखादी यायची थांबली असेल, तर आजच तिच्या घरी जा.